पायाळू मुलीचा डावा खुबा: थांबायचं की पट्टा बांधायचा?

नाशिकरोडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. पहिली मुलगी, दहा आठवड्यांची. पोटात पायाळू होती म्हणून सिझेरियन झालं. जन्मल्यावर कार्डावर खुब्यांपुढे ‘ठीक’ लिहिलं होतं. दहा आठवड्यांच्या लसीला गेल्यावर बालरोगतज्ज्ञांनी मांड्या उघडून पाहिल्या, डावा खुबा सैल लागतोय म्हणाले आणि सोनोग्राफी करायला सांगितली. रिपोर्टमध्ये डावीकडे अल्फा कोन ५३ अंश, उजवीकडे ६२. एका अस्थितज्ज्ञांनी लगेच पट्टा (बाळाचे पाय दुमडून मांड्या उघड्या ठेवणारा) सांगितला. दुसरे म्हणाले, थांबू, पुष्कळदा आपोआप सुधारतं. सासूबाई म्हणतात मालिशवाली बसवून देईल. बाळ तर मजेत आहे, पाय झाडतं, दूध पितं. मग ऐकायचं कुणाचं? आणि जन्माच्या वेळी ठीक असलेला खुबा बिघडला कधी?

ताई, मी गेली बावीस वर्षं नाशिकमध्ये लहान मुलांच्या हाडासांध्यांचं काम करते. तुमच्या बाळाला हात लावल्याशिवाय मी अमुकच करा असं सांगू शकत नाही. पण दोन डॉक्टर दोन वेगळ्या गोष्टी का म्हणाले हे मात्र समजावता येईल. ते एकदा उलगडलं की पुढच्या भेटीत काय विचारायचं ते तुम्हालाच सुचेल.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. ‘खुबा निखळला’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गाडीवरून पडलेल्या माणसाचा निखळलेला खांदा येतो. काल जागेवर होता, आज नाही, आणि कुणीतरी खटकन बसवला की काम झालं. बाळाच्या खुब्याचं तसं नसतं. जन्माच्या वेळी मांडीच्या हाडाचं गोल डोकं आणि ते जिच्यात बसतं ती कमरेतली वाटी, दोन्ही बऱ्याच अंशी कूर्चेचे, म्हणजे मऊ असतात. वाटी उथळ असते. ती खोल होते ती आत बसलेल्या गोळ्यामुळेच. ओल्या काळ्या मातीत लिंबू दाबून ठेवलं तर त्याच्या मापाचा खळगा तयार होतो. तेच लिंबू कडेवर रेललेलं राहिलं तर कड बसत जाते आणि खळगा पसरट होतो. बाळाच्या खुब्यात पहिले काही महिने हेच चाललेलं असतं. जन्मताना जेमतेम आत असलेला गोळा पुढच्या आठवड्यांत हळूहळू कडेला सरकू शकतो. म्हणूनच या आजाराला पूर्वी ‘जन्मजात निखळलेला खुबा’ म्हणत, तो शब्द जगभरच्या डॉक्टरांनी मागे टाकला. आता ‘खुब्याच्या वाढीतला दोष’ अशा अर्थाचं नाव वापरतात, डीडीएच. तुमच्या कार्डावरचं ‘ठीक’ खोटं असेलच असं नाही. ते त्या दिवसापुरतं होतं.

आता पायाळूपणाबद्दल. आमच्या पंचवटीतल्या वाड्यात एक पायाळू काका होते. कुणाच्या कमरेत लचक भरली की तो माणूस त्यांच्यापुढे पालथा पडायचा आणि काका कमरेला पाय लावायचे. विजा चमकायला लागल्या की काकांची आई त्यांना घरात ओढून घ्यायची. या समजुतींचं खरंखोटं तुम्ही ठरवा, पण पायाळू बाळाच्या स्वतःच्या कमरेकडे बघायला हवं हे नक्की. पोटात बूड खाली आणि पाय वर, त्यातही गुडघे सरळ आणि पावलं तोंडापाशी अशी बसलेली बाळं या आजाराच्या बाबतीत सर्वांत जोखमीची. त्या अवस्थेत खुब्यावर सतत ताण असतो. सिझेरियन झालं म्हणून ही जोखीम पुसली जात नाही, कारण ताण पडलेला असतो तो पोटातल्या शेवटच्या महिन्यांत. बाळ शेवटी फिरून डोक्याकडून जन्मलं, तरी मी त्याला जोखमीचंच धरते.

तुमच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी जुळून आल्यात. मुलगी आहे. मुलींमध्ये हा दोष मुलांच्या चार-पाच पट आढळतो, कारण आईच्या शरीरात सांधे सैल करणारी जी संप्रेरकं असतात त्यांचा परिणाम मुलींवर जास्त होतो असं मानतात. पहिलं बाळ आहे, म्हणजे गर्भाशय आणि पोट दोन्ही घट्ट, जागा कमी. आणि डावी बाजू. बहुतेक बाळं पोटात अशी वळलेली असतात की त्यांचा डावा खुबा आईच्या कण्याला टेकतो आणि त्या बाजूची मांडी उघडायला जागा मिळत नाही. घरात कुणाला लहानपणापासून लंगडण्याचा किंवा ऐन तिशी-चाळिशीत खुबा बदलायची वेळ आल्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. ‘आत्याचा पाय पहिल्यापासून थोडा आखूडच होता’ हे वाक्य मी चौथ्या भेटीत ऐकलेलं आहे.

तर मुख्य मुद्दा: ५३ अंश म्हणजे काय?

खुब्याच्या सोनोग्राफीची ही पद्धत ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० च्या सुमारास बसवली. अल्फा कोन म्हणजे थोडक्यात वाटीचं हाडाचं छप्पर गोळ्याला किती झाकतं त्याचं माप. ६० किंवा त्याहून जास्त असेल तर खुबा पक्व. ५० ते ५९ असेल तर वय बघायचं. तीन महिन्यांच्या आत ही अवस्था ‘अजून कच्चं’ समजली जाते, त्याला टाइप टू-ए म्हणतात. तीन महिने उलटले आणि आकडा तोच राहिला, तर त्याला टू-बी म्हणतात आणि तो दोष धरला जातो. दोन आठवड्यांच्या बाळाचे ५३ आणि दहा आठवड्यांच्या बाळाचे ५३ म्हणूनच सारखे नाहीत. सहाव्या आठवड्याला निदान ५५ च्या आसपास आणि बाराव्याला ६० अशी वाढीची चाल अपेक्षित असते. तुमची मुलगी दहा आठवड्यांची आहे, म्हणजे डावा खुबा त्या चालीच्या मागे पडलाय. फार नाही, पण मागे आहे.

‘आपोआप सुधारतं’ हेही खोटं नाही. इंग्लंडच्या बार्लो यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या कामात साधारण साठ बाळांमागे एकाचा खुबा जन्मतः सैल आढळला होता. त्यातले साठ टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यातच घट्ट झाले आणि दोन महिन्यांपर्यंत ८८ टक्के, तेही काही न करता. हा आकडा डॉक्टरांच्या तोंडी असतो आणि तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांच्याही मनात तोच असणार. पण त्यातला काळ लक्षात घ्या. आपोआप सुधारण्याचा मोठा भाग पहिल्या दोन महिन्यांत होऊन जातो. दोन आठवड्यांच्या बाळासाठी मी निश्चिंतपणे थांबते. दहा आठवड्यांच्या बाळाच्या बाबतीत तो हप्ता बराचसा वसूल झालेला असतो.

त्यामुळे मला एकच गोष्ट कळायला हवी: खुबा हाताला खरोखर सैल लागतो का? कोन कच्चा असणं वेगळं आणि गोळा वाटीतून हलणं वेगळं. खुबा स्थिर असेल आणि फक्त कोन ५३ असेल, तर दोन-तीन आठवड्यांनी सोनोग्राफी पुन्हा करून ठरवणं हा जबाबदार सल्ला आहे, हलगर्जी नाही. पण हाताला गोळा सरकतोय आणि कोनही मागे आहे, तर मी थांबत नाही, पट्टा बांधते. तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी ‘सैल’ म्हटलंय, म्हणून माझा कल पट्ट्याकडे आहे. आणखी एक गोष्ट बघा. सोनोग्राफीचा प्रोब किंचित तिरका धरला तरी कोन काही अंशांनी बदलतो. नुसता रिपोर्ट नेऊ नका, फिल्म न्या. मी आकडा वाचण्याआधी फिल्मवरची रेघ सरळ आहे का ते बघते, आणि शंका वाटली तर माझ्या ओळखीच्या सोनॉलॉजिस्टकडे पुन्हा पाठवते. पालक वैतागतात, पण तीन महिन्यांच्या पट्ट्यापेक्षा दहा मिनिटांची सोनोग्राफी परवडली.

‘सैल’ शब्दाबद्दल एक खुलासा. पुष्कळ बाळांच्या खुब्यात, गुडघ्यात बारीक ‘कट्’ असा आवाज येतो. तो बहुतेक वेळा स्नायूची दोरी हाडावरून सरकल्याचा असतो आणि निरुपद्रवी असतो. आम्ही जे शोधतो ते कानाला नव्हे, हाताला कळतं, दार बिजागरीत बसावं तसा जड सरकता धक्का. इटलीचे बालरोगतज्ज्ञ ओर्तोलानी यांनी १९३० च्या दशकात ही खूण वर्णन केली आणि तपासणी आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. ती घरी करून बघू नका. मोबाइलवर व्हिडिओ बघून बाळाचे खुबे रोज ढकलून पाहणारे एक हौशी बाबा माझ्याकडे येऊन गेलेत.

तिसऱ्या महिन्यानंतर ही खूण बहुधा सापडेनाशी होते, कारण स्नायू आखडतात आणि गोळा आत-बाहेर होत नाही, बाहेर असेल तर बाहेरच राहतो. मग मुख्य खूण एकच: लंगोट बदलताना एक मांडी दुसरीपेक्षा कमी उघडते. बाळाला उताणं ठेवून गुडघे दुमडून पावलं टेकवली तर एक गुडघा खाली दिसतो. मांडीवरच्या घड्या दोन्हीकडे सारख्या नाहीत म्हणून घाबरून येणारे पालक बरेच असतात. नुसत्या घड्यांवरून मी काहीच ठरवत नाही, निरोगी बाळांतही त्या वेगळ्या असतात.

आणि दोन्ही खुबे बाहेर असतील तर? तिथे मी स्वतः फसलेली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत पेठ तालुक्यातली एक सहा महिन्यांची मुलगी माझ्याकडे आणली होती. दोन्ही मांड्या सारख्याच उघडत होत्या, गुडघे एका पातळीत, घड्या जुळलेल्या. ‘दोन्ही बाजू सारख्या आहेत, काळजी नको,’ म्हणून मी पाठवून दिली. दोन्ही सारख्याच कमी उघडतायत हे माझ्या लक्षात आलं नाही. अडीच वर्षांची होऊन ती परत आली तेव्हा बदकासारखी डुलत चालत होती. पोट पुढे, कंबर आत. गावात सगळ्यांना त्या चालीचं कौतुक वाटायचं. त्या मुलीच्या दोन्ही खुब्यांची वेगवेगळ्या वेळी ऑपरेशनं करावी लागली, कित्येक महिने प्लास्टरमध्ये गेले. तेव्हापासून मी दोन बाजू एकमेकींशी ताडून थांबत नाही, प्रत्येक मांडी किती उघडते ते वेगळं बघते.

ही गोष्ट सांगायचं कारण तुमचं ‘बाळ मजेत आहे’ हे वाक्य. असणारच. या आजारात बाळाला दुखत नाही. ते पाय झाडतं, पालथं पडतं, रांगतं, आणि बहुतेक वेळा चालायलाही लागतं, फार तर महिना-दोन महिने उशिरा. त्यामुळेच ‘चालायला लागली की कळेल’ हा सल्ला सर्वांत महागात पडतो. कळतं खरं, पण तेव्हा पट्ट्याचा काळ गेलेला असतो. साधारण सहा महिन्यांपर्यंत पट्टा. त्यापुढे दीड वर्षापर्यंत भूल देऊन खुबा बसवायचा आणि कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर, बहुधा तीन महिने. दीड वर्षाच्या पुढे बहुतेकांना उघडं ऑपरेशन, कधी कमरेचं किंवा मांडीचं हाड कापून दिशा देणं. वयाच्या या रेषा खडूच्या आहेत, प्रत्येक मुलात थोड्या हलतात, पण दिशा बदलत नाही. ‘मुलगी आहे, पुढे लग्नाचं काय’ असं बऱ्याच आया दबक्या आवाजात विचारतात. मला लग्नापेक्षा तिच्या तिशीची काळजी वाटते. उथळ वाटीत वर्षानुवर्षं चाललेला खुबा लवकर झिजतो.

मालिशवाल्या मावशींबद्दल. माझा तेलमालिशला मुळीच विरोध नाही. बाळाला पायांवर घेऊन आंघोळ घालणं, तेल जिरवणं, शेक, सगळं चालू द्या. पण तीन गोष्टी बंद: पावलं धरून पाय सरळ ओढणं, दोन्ही गुडघे जुळवून ताणणं, आणि बाळाला पायांना धरून उलटं करणं. ‘पाय सरळ राहावेत म्हणून’ हे केलं जातं. नवजात बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेलेच असतात आणि गोळा वाटीत राहण्यासाठी तीच अवस्था चांगली. हाताने ‘बसवणं’ तर अजिबातच नको. वाटीच उथळ असेल तर आज बसवलेला गोळा संध्याकाळी बाहेर येणार, आणि त्या खटाटोपात हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा बिघडला तर ते नुकसान मूळ आजारापेक्षा मोठं असतं.

घट्ट गुंडाळण्याचंही तेच. पाय सरळ करून दुपट्यात फुलबाजीसारखं बांधलेलं बाळ शांत झोपतं हे खरं, पण खुब्याला ते सोसत नाही. अमेरिकेतल्या नवाहो लोकांत बाळाला लाकडी पाळण्यावर पाय सरळ बांधून ठेवत, त्यांच्यात हा आजार पुष्कळ आढळायचा. जपानमध्ये १९७० च्या दशकात बाळाचे पाय मोकळे ठेवा अशी मोहीम झाली आणि प्रमाण खूप खाली आलं. गुंडाळायचं तर छातीपाशी, कमरेखाली सैल. आपल्याकडच्या बायका बाळाला कडेवर घेतात, दोन पाय कमरेच्या दोन बाजूंना, ती तर खुब्यासाठी उत्तम बैठक आहे. मान धरायला लागली की खुशाल घ्या. दोन-दोन डायपर घालून खुबा सुधारतो असं कुणी सांगेल. त्याने इलाज होत नाही, फक्त दिवस जातात.

पट्टा ठरलाच तर तो बहुधा पाव्हलिकचा असेल. चेक डॉक्टर आर्नोल्ड पाव्हलिक यांनी १९४० च्या दशकात तो आणला. खांद्यावरून आलेल्या पट्ट्यांत पावलं अडकवलेली, गुडघे पोटाकडे दुमडलेले, मांड्या उघड्या. बाळाला हलता येतं, फक्त पाय सरळ आणि जवळ करता येत नाहीत. सुरुवातीला दिवसाचे जवळजवळ सगळे तास घालायचा असतो, साधारण सहा ते बारा आठवडे. पहिले तीन दिवस बाळ किरकिरतं, मग विसरतं. आईला जास्त दिवस लागतात. डायपर पट्ट्याच्या आतून बसवायचा, आंघोळीऐवजी बहुधा अंग पुसायचं, गुडघ्यामागे आणि मानेखाली घाम साचतो तिथे रोज बघायचं. नाशिकचा एप्रिल-मे असेल तर पट्ट्याखाली पातळ सुती झबलं. ‘बोरन्हाणापुरता काढू का?’ असं दर संक्रांतीला कुणीतरी विचारतं. नका काढू, पट्ट्यासकट बसवा. हलव्याचे दागिने पट्ट्यावरही शोभतात.

दोन गोष्टींवर मात्र करडी नजर ठेवा. पट्ट्याचे बंद स्वतः घट्ट-सैल करायचे नाहीत. मांड्या जबरदस्तीने जास्त उघडल्या तर हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. आणि बाळ गुडघा झटकून सरळ करेनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पाय पोटाकडे जास्त दुमडले गेले की मांडीची नस दबते. वेळीच कळलं तर पट्टा सैल केल्यावर ती बहुधा पूर्ववत होते. म्हणून दर आठवड्या-दोन आठवड्यांनी दाखवायला जायचं असतं. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडचे माझे पेशंट नेमकी हीच भेट चुकवतात, आणि बाळ तर झपाट्याने वाढत असतं.

पट्टा प्रत्येकाला लागू पडतो असंही नाही. वाटी उथळ पण गोळा आत, अशा तुमच्यासारख्या बाळांत यश चांगलं येतं. गोळा पूर्ण बाहेर असेल तर कमी. तीन-चार आठवड्यांनी सोनोग्राफीत गोळा आत आलेला दिसला नाही, तर पट्टा पुढे रेटायचा नसतो, काढायचा असतो, कारण बाहेरच राहिलेला गोळा पट्ट्यात वाटीची मागची कड झिजवतो. हा प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा: ‘नाही बसला तर कधी थांबायचं?’ पट्टा सुटल्यावरही सहाव्या महिन्याच्या आसपास एक एक्स-रे लागेल. त्याआधी मांडीच्या हाडाचं गोल डोकं पुरेसं हाडाचं झालेलं नसतं, म्हणून एक्स-रे फारसं सांगत नाही. मग चालायला लागल्यावर पुन्हा, आणि पुढे अधूनमधून वाढ पूर्ण होईपर्यंत.

खर्चाचा विचार असेल तर हा आजार सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत आहे. २०१३ पासून चाललेल्या या योजनेत जन्मजात दोषांमध्ये खुब्याचा हा दोष धरलेला आहे. अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला किंवा आशाताईंना विचारा, किंवा थेट जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

आता तुमच्या हातातलं. चौदा आठवड्यांच्या लसीची वाट बघू नका, या आठवड्यातच दोनपैकी एका डॉक्टरांकडे पुन्हा जा. ज्यांच्याकडे लहान मुलांचे खुबे नियमित येतात त्यांना निवडा. सोनोग्राफीची फिल्म, जन्माचं कार्ड, आणि कितव्या आठवड्यात जन्मली त्याची नोंद बरोबर ठेवा, कारण दिवस भरण्याआधी जन्मली असेल तर कोनाचा हिशेब थोडा बदलतो. बाळाला तासभर आधी पाजून न्या, रडणाऱ्या बाळाचे स्नायू आखडतात आणि सैल खुबाही घट्ट लागतो. आणि सासूबाईंना बरोबर न्या. डॉक्टरांनी मांडी उघडून दाखवताना त्यांनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की मालिशवाल्या मावशींना काय सांगायचं ते त्याच बघतील.